आमदाराच्या खर्चाचा हिशेब, एक रुपयात



आजचा विषय आहे विधानसभा निवडणुकीतला पैसा. तो येतो कुठून, जातो कुठे आणि त्याचा हिशेब कोण ठेवतं? ही व्याख्यानमाला ऐकणारे काही जण महाराष्ट्रात आहेत, काही गोव्यात, काही बेळगाव, हैदराबाद, इंदूर, बडोद्यात. प्रत्येकाची विधानसभा वेगळी, पक्ष वेगळे. पण उमेदवाराच्या खर्चाचा कायदा सगळीकडे एकच आहे, 1951 चा लोकप्रतिनिधित्व कायदा. त्यामुळे आजचं बोलणं कोणत्याही एका राज्याचं नाही, आणि कोणत्याही एका पक्षाबद्दलही नाही.

सुरुवात एका साध्या भागाकाराने करू.

जानेवारी 2022 मध्ये खर्चाच्या मर्यादा वाढल्या. मोठ्या राज्यांत विधानसभेच्या उमेदवाराला 40 लाख रुपये, गोव्यासारख्या लहान राज्यांत 28 लाख. ऐकायला हे ठीक वाटतं. आता मतदारांची संख्या घ्या. महाराष्ट्रात 2024 च्या विधानसभेला सुमारे 9 कोटी 70 लाख मतदार होते आणि जागा 288. म्हणजे एका मतदारसंघात सरासरी 3 लाख 37 हजार मतदार. 40 लाखांना या आकड्याने भागा. एका मतदारामागे 12 रुपयेसुद्धा येत नाहीत. कर्नाटकात 2023 ला सुमारे 5 कोटी 30 लाख मतदार आणि 224 जागा होत्या. तिथे 17 रुपयांच्या आसपास येतात. गोव्यात 2022 ला साडेअकरा लाखांच्या आसपास मतदार आणि 40 जागा होत्या. तिथे एका मतदारामागे 95 ते 100 रुपये पडतात.

एकाच देशात, एकाच कायद्याखाली, एका उमेदवाराला मतदारामागे 12 रुपये आणि दुसऱ्याला त्याच्या आठपट. कारण मर्यादा ठरवताना राज्य लहान की मोठं एवढंच पाहिलं जातं, मतदारसंघात माणसं किती हे पाहिलं जात नाही.

12 रुपयांत एक कटिंग चहा येतो. तेवढ्यात तुम्हाला पत्रक छापायचं, ते घरोघर पोचवायचं, सभा घ्यायच्या, गाड्या फिरवायच्या आणि मतदानाच्या दिवशी प्रत्येक केंद्रावर माणूस बसवायचा. फक्त त्या शेवटच्या दिवसाचा हिशेब करून पाहा. महाराष्ट्रात मतदान केंद्रं एक लाखाच्या वर होती, म्हणजे एका मतदारसंघात साधारण 350. प्रत्येक केंद्रावर पाच कार्यकर्ते धरा. नाश्ता, जेवण, चहा, पेट्रोल मिळून माणशी 500 रुपये धरा. एका दिवसात पावणेनऊ लाख रुपये गेले. मर्यादेतला पाचवा हिस्सा एका दिवसात संपला, आणि यात एकही फ्लेक्स नाही, एकही सभा नाही.

असं असताना निवडून आलेले आमदार आपला खर्च किती दाखवतात? असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स ही संस्था राज्याराज्यांतले हे हिशेब तपासून प्रसिद्ध करत असते. त्यात वर्षानुवर्षं एकच चित्र दिसतं. विजयी उमेदवारांचा दाखवलेला सरासरी खर्च मर्यादेच्या बराच खाली असतो. म्हणजे 12 रुपयेसुद्धा पूर्ण खर्च झाले नाहीत, असं कागद सांगतो.

कागद आणि रस्ता यांच्यात एवढं अंतर कसं पडतं, ते आता पाहू.

आधी यंत्रणेचं श्रेय यंत्रणेला देऊ. आयोगाची खर्च तपासणारी व्यवस्था कागदावर चांगली आहे आणि त्यात काम करणारे अनेक अधिकारी मनापासून काम करतात. उमेदवाराला अर्ज भरण्याच्या किमान एक दिवस आधी निवडणुकीसाठी वेगळं बँक खातं उघडावं लागतं. त्याच्या नोंदवहीत तीन रंगांची पानं असतात. पांढरी रोजच्या खर्चाची, गुलाबी रोख रकमेची, पिवळी बँकेची. प्रचाराच्या काळात ही वही तीनदा तपासणीला न्यावी लागते. बाहेरून खर्च निरीक्षक येतात. भरारी पथकं असतात, नाक्यांवर तपासणी पथकं असतात, सभेचं चित्रीकरण करणारी माणसं असतात. खुर्ची, मांडव, चहा, वडापाव, गाडीभाडं यांचं दरपत्रक जिल्हा प्रशासन ठरवून देतं. उमेदवाराच्या वहीशी ताडून पाहायला प्रशासन स्वतःचं शॅडो रजिस्टर ठेवतं.

एवढं सगळं असून पैसा तीन वाटांनी निसटतो.

पहिली वाट वेळेची. कायद्याच्या कलम 77 प्रमाणे खर्च मोजायचा तो अर्ज भरल्याच्या दिवसापासून निकालाच्या दिवसापर्यंत. त्याच्या आदल्या दिवसापर्यंतचं काहीच मोजलं जात नाही. म्हणून खरी निवडणूक वर्षभर आधी सुरू होते. इच्छुकाच्या नावाने दहीहंडी होते, क्रिकेटचे सामने होतात, हळदीकुंकवाला साड्या वाटल्या जातात, देवदर्शनाच्या बसगाड्या निघतात. कर्नाटकात प्रेशर कुकर वाटले जातात. अर्ज भरायची वेळ येते तोवर मोठा खर्च होऊन गेलेला असतो. विधी आयोगाने 2015 च्या 255 व्या अहवालात सुचवलं होतं की निदान निवडणुकीची अधिसूचना निघाल्यापासून तरी खर्च मोजा. ती लहानशी दुरुस्तीही अजून झालेली नाही.

दुसरी वाट आहे खर्च कोणाच्या नावावर पडला याची. इथे मी माझ्या फौजेतल्या अनुभवाचा आधार घेतो. युनिटच्या स्टोअरमध्ये वस्तू आली की ती लेजरवर चढते. त्याला आम्ही चार्जवर घेणं म्हणतो. ती डेपोतून आली की कोणी भेट दिली, याने फरक पडत नाही. वस्तू दारातून आत आली, नोंद झाली. मोजणीला दुसरा अधिकारी बसतो. आपल्या स्टोअरची मोजणी आपणच करून आपणच सही करायची, हे चालत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने नेमकं हेच तत्त्व निवडणुकीला लावलं होतं. ऑक्टोबर 1974 मध्ये, कंवरलाल गुप्ता विरुद्ध अमरनाथ चावला या दिल्लीच्या लोकसभा जागेच्या खटल्यात, न्यायालयाने म्हटलं की उमेदवाराच्या प्रचारासाठी पक्षाने केलेला आणि उमेदवाराने स्वीकारलेला खर्च हा उमेदवाराचाच खर्च धरला पाहिजे. नाहीतर मर्यादेला अर्थ उरत नाही आणि साध्या माणसाला श्रीमंताच्या बरोबरीने उभं राहता येत नाही. निकाल आला आणि त्याच महिन्यात सरकारने अध्यादेश काढून तो निष्प्रभ केला. पुढे संसदेने त्याचा कायदा केला. पक्षाने किंवा मित्राने केलेला खर्च उमेदवाराच्या खात्यात धरायचा नाही, असं त्यात लिहिलं गेलं.

ही सूट जवळपास 29 वर्षं चालली. 2003 मध्ये ती आवळली. आता स्टार प्रचारकांचा प्रवास तेवढा वगळला जातो. मान्यताप्राप्त पक्षाला असे 40 प्रचारक नेमता येतात. नेत्याचं हेलिकॉप्टर उमेदवाराच्या खात्यात येत नाही. मात्र नेत्याच्या सभेत उमेदवार मंचावर बसला किंवा त्याचं नाव, फोटो लागला, तर सभेच्या खर्चाचा वाटा त्याच्यावर पडतो. म्हणून कधी कधी मोठ्या सभेत स्थानिक उमेदवार मंचावर दिसत नाही. आणि सगळ्यात मोठं भगदाड आजही उघडं आहे. पक्षाच्या स्वतःच्या खर्चाला मर्यादाच नाही. पक्षाने विधानसभा निवडणुकीनंतर 75 दिवसांत आयोगाला हिशेब द्यायचा, एवढंच बंधन. उमेदवाराला 40 लाख आणि त्याच्यामागे उभ्या पक्षाला अमर्याद, असा हा सामना आहे.

तिसरी वाट रोकडीची. ही कोणत्याच वहीत येत नाही. तमिळनाडूत मे 2016 मध्ये अरवकुरिची आणि तंजावर या दोन जागांची निवडणूक पैसेवाटपामुळे आयोगाला रद्द करावी लागली. एप्रिल 2017 मध्ये चेन्नईतल्या आर. के. नगरची पोटनिवडणूक मतदानाला थोडेच दिवस उरले असताना रद्द झाली. प्राप्तिकर खात्याच्या छाप्यात सापडलेल्या कागदांत सुमारे 89 कोटी रुपयांच्या वाटपाचा उल्लेख असल्याचं तेव्हा समोर आलं. तेव्हाची मर्यादा होती 28 लाख. म्हणजे मर्यादेच्या तीनशेपट.

तमिळनाडूकडे बोट दाखवून आपण सुटत नाही. महाराष्ट्र आणि झारखंडच्या 2024 च्या निवडणुकीत आणि सोबतच्या पोटनिवडणुकांत जप्त झालेली रोकड, दारू, अमली पदार्थ, मौल्यवान धातू आणि फुकट वाटायच्या वस्तूंची किंमत आयोगाने हजार कोटींच्या वर सांगितली होती. त्यातला मोठा भाग महाराष्ट्राचा होता. आणि पाकीट फक्त वस्तीतच जातं, असंही नाही. शहरातल्या सोसायटीला निवडणुकीआधी रंग मिळतो, आवारात पेव्हर ब्लॉक बसतात, कॅमेरे लागतात. सोसायटीच्या सभेत त्याला कोणी लाच म्हणत नाही.

हे राजकारण्यांना माहीत नाही असं नाही. जून 2013 मध्ये गोपीनाथ मुंडे यांनी मुंबईतल्या एका कार्यक्रमात उघडपणे सांगितलं की 2009 च्या लोकसभा निवडणुकीत त्यांचा खर्च 8 कोटी झाला. तेव्हाची मर्यादा 25 लाख होती आणि त्यांनी सादर केलेला हिशेब 20 लाखांच्या आतला होता. आयोगाने नोटीस दिली. पुढे ते अपात्र ठरले नाहीत. आज तो प्रसंग आठवतो तेव्हा मला त्या एका नेत्यापेक्षा सभागृहाचा विचार येतो. ऐकणाऱ्यांना धक्का बसला तो आकड्याचा नव्हे, कोणी तो माइकवर बोलला याचा.

आता पैसा येतो कुठून, ते पाहू.

कंपन्यांच्या देणग्यांचा इतिहास नागमोडी आहे. 1969 मध्ये त्यांवर बंदी आली. 1985 मध्ये बंदी उठली आणि मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या 5 टक्के ही मर्यादा आली. 2013 च्या कंपनी कायद्यात ती साडेसात टक्के झाली. 2017 मध्ये मर्यादाच काढून टाकली आणि निवडणूक रोखे आणले. देणारा कोण हे मतदाराला कळणार नाही, अशी ती योजना होती. 15 फेब्रुवारी 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी ती एकमताने घटनाबाह्य ठरवली. कंपन्यांना दिलेली अमर्याद मोकळीकही गेली. पक्षाला पैसा कोण देतं हे जाणून घेणं मतदाराचा हक्क आहे, हा त्या निकालाचा गाभा.

मग स्टेट बँकेची माहिती बाहेर आली. एप्रिल 2019 पासून जानेवारी 2024 पर्यंत सर्वाधिक रोखे, 6 हजार कोटींच्या वर, भाजपने वटवले. केंद्रात सत्तेवर असलेल्या पक्षाचं हे समजू शकतं. मला विचार करायला लावलं ते पुढच्या नावांनी. तृणमूल काँग्रेस 1,600 कोटींच्या वर. भारत राष्ट्र समिती 1,200 कोटींच्या वर. बिजू जनता दल 775 कोटी. द्रमुक 639 कोटी. हे चारही पक्ष त्या काळात आपापल्या राज्यात सत्तेत होते. भारत राष्ट्र समितीचं राज्य तेलंगण, लोकसभेच्या जागा 17. देशभर पसरलेल्या काँग्रेसला 1,400 कोटींच्या आसपास मिळाले आणि एका राज्याच्या पक्षाला 1,200 कोटी.

यावरून अमुक पक्षाने अमुक काम करून दिलं असं सिद्ध होत नाही, आणि मी तसं म्हणतही नाही. पण पैसा राज्यांकडे का वळतो, ते कळायला घटनेची सातवी अनुसूची उघडावी. जमीन राज्याची. दारूचं उत्पादन शुल्क राज्याचं. पोलीस राज्याचे. वाळू आणि दगडाच्या खाणींचे परवाने राज्य देतं. पाटबंधारे, राज्यातले रस्ते, शहरांची विकास नियमावली, शेतजमीन बिनशेती करणं, हे सगळं राज्याच्या हातात. एका सहीने एकरी भाव बदलतो. जिथे सही, तिथे पैसा.

हे केवळ तर्क नाहीत. देवेश कपूर आणि मिलन वैष्णव या अभ्यासकांनी राज्यांच्या निवडणुका आणि सिमेंटचा खप ताडून पाहिला. निवडणुकीच्या सुमारास खप घसरतो असं त्यांना आढळलं. त्यांचं स्पष्टीकरण असं की बिल्डरांची रोकड त्या काळात बांधकामातून निघून प्रचारात जाते. संदीप सुखटणकर यांनी महाराष्ट्रातल्या साखर कारखान्यांचा अभ्यास 2012 मध्ये प्रसिद्ध केला. जे कारखाने निवडणूक लढवणाऱ्या राजकारण्यांच्या ताब्यात होते, तिथे निवडणुकीच्या वर्षात शेतकऱ्याला उसाचा भाव कमी मिळाला. म्हणजे प्रचाराचा काही खर्च उसाच्या बिलातून कापला गेला. ज्याच्या बिलातून कापला, त्यालाच कदाचित त्यातलं पाकीट मिळालं असेल.

याची खरी किंमत दोन ठिकाणी भरावी लागते. पहिली तिकीटवाटपात. खर्चाची तयारी किती, हा प्रश्न मुलाखतीत येतो हे सगळ्यांना ठाऊक आहे. गावची शाळा उभी करणारी शिक्षिका, सरपंच म्हणून पाणी आणणारा माणूस, निवृत्त सुभेदार, यांची नावं या प्रश्नालाच गळतात. मतदाराने त्यांना नाकारलेलं नसतं. त्यांची नावं मतदारापुढे आलेलीच नसतात. दुसरी किंमत निवडणुकीनंतरची. ज्याने 40 लाख दाखवून कित्येक पट घातले, त्याला ते पाच वर्षांत परत यावे लागतात. ते पुलाच्या निविदेतून, बदलीच्या शिफारशीतून, वाळूच्या घाटातून येतात.

मग करायचं काय? कायद्यात बदल हवेत. मर्यादा मतदारसंघातल्या मतदारांच्या संख्येवर ठरावी आणि वास्तवाला धरून असावी. 12 रुपयांची मर्यादा पहिल्या दिवसापासून खोटं लिहायला शिकवते. पक्षाच्या खर्चावर मर्यादा हवी, कारण त्याशिवाय उमेदवाराची मर्यादा वाढवली काय, घटवली काय, सारखंच. खर्च अधिसूचनेपासून मोजावा. 20 हजारांच्या आतल्या देणगीदाराचं नाव पक्षाला कळवावं लागत नाही, ती पळवाट बुजवावी. इंद्रजित गुप्ता समितीने 1998 मध्ये सरकारने पक्षांना काही मदत वस्तुरूपाने द्यावी असं सुचवलं होतं, त्यावर पुन्हा बोलावं. पण हे बदल ज्यांनी करायचे तेच या व्यवस्थेतून निवडून येतात. त्यांची वाट पाहत बसलो तर आपली नातवंडंही हेच भाषण ऐकतील.

म्हणून आज कायद्यात आहे त्याबद्दल बोलतो. निवडणूक लढवलेल्या प्रत्येक उमेदवाराने, जिंकलेल्या आणि हरलेल्याही, निकालापासून 30 दिवसांत जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे हिशेब द्यायचा असतो. 1961 च्या निवडणूक नियमांतला 88 वा नियम सांगतो की कोणाही व्यक्तीला एक रुपया फी भरून तो हिशेब पाहता येतो. वेगळी फी भरून साक्षांकित प्रत मिळते. पत्रकार असण्याची गरज नाही, वकील असण्याची गरज नाही. एक रुपया.

पाहायचं काय? चार गोष्टी. एक, ज्या सभेला तुम्ही स्वतः गेला होता ती वहीत आहे का, आणि किती खुर्च्यांची आहे. दोन, मतदानाच्या दिवशी केंद्राबाहेर टेबलं टाकून बसलेल्या माणसांचा खर्च आहे का. तीन, समाजमाध्यमांवरच्या जाहिराती. गुगल आणि मेटा राजकीय जाहिरातींची माहिती स्वतः जाहीर करतात, ती ताडून पाहा. चार, पैसा कुठून आला: स्वतःचा किती, पक्षाचा किती, इतरांचा किती आणि ते इतर कोण.

फरक दिसला तर तारखांकडे लक्ष ठेवा. उच्च न्यायालयात निवडणूक याचिका निकालापासून 45 दिवसांत करावी लागते, आणि ती त्या मतदारसंघाचा मतदार किंवा उमेदवारच करू शकतो. मर्यादेपेक्षा जास्त खर्च ही कायद्याने भ्रष्ट प्रथा आहे. आता वजाबाकी करा. हिशेब 30 व्या दिवशी येतो, याचिकेची मुदत 45 व्या दिवशी संपते. हातात 15 दिवस. महाराष्ट्राचा निकाल 23 नोव्हेंबर 2024 ला लागला. हिशेबाची मुदत 23 डिसेंबर, याचिकेची 7 जानेवारी. त्या पंधरवड्यात नाताळ, नवीन वर्ष, लग्नसराई. कोण जातं कचेरीत?

याचिका हे जड हत्यार आहे, वकील आणि वर्षं दोन्ही लागतात. पण हिशेब खोटा असल्याची पुराव्यासह लेखी तक्रार जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे आणि आयोगाकडे करता येते. हिशेब नीट न दिल्यास आयोग तीन वर्षं अपात्र ठरवू शकतो. एरवी हे कलम लागतं ते बहुतेक हिशेबच न दिलेल्या लहानसहान पराभूत उमेदवारांना. पण ऑक्टोबर 2011 मध्ये उत्तर प्रदेशातल्या बिसौलीच्या आमदार उमलेश यादव अपात्र ठरल्या. पैसे देऊन छापून आणलेल्या बातम्यांचा खर्च त्यांनी हिशेबात दाखवला नव्हता. निवडणूक 2007 ची, निर्णय 2011 चा. उशीर झाला हे खरं. पण तो झाला, कारण त्यांच्या विरोधातल्या एका उमेदवाराने छापलेला कागद जपून ठेवला आणि पाठपुरावा सोडला नाही.

माझ्या वयाच्या लोकांना एक विनंती आहे. आपल्याकडे वेळ आहे, पेन्शन आहे, कोणाच्या बदलीची भीती नाही. तुमच्या राज्यात पुढची विधानसभा निवडणूक होईल तेव्हा चार-पाच जणांचा गट करा. प्रचाराच्या काळात सभांच्या तारखा आणि ठिकाणं एका वहीत लिहा, मोबाइलवर फोटो काढून ठेवा. निकालाच्या दिवशी कॅलेंडरवर दोन खुणा करा, 30 व्या दिवसाची आणि 45 व्या दिवसाची. एकतिसाव्या दिवशी कचेरीत जा आणि सगळ्या मोठ्या उमेदवारांचे हिशेब मागा. आपल्या आवडत्या पक्षाचाही मागा, नाहीतर त्या तपासणीला किंमत राहणार नाही.

पहिल्या वर्षी हाती काही लागणार नाही, असंही होईल. पण पुढच्या वेळी उमेदवाराचा माणूस वही लिहायला बसेल, तेव्हा ती वाचायला कोणी तरी येणार आहे हे त्याला माहीत असेल. फौजेत मी हे पाहिलं आहे. मोजणीची तारीख ठरली की लेजर आपोआप नीट लिहिलं जातं.